आधी कड पाहा: इंटिरिअरचं साहित्य वर्गात, बाजारात आणि साइटवर कसं शिकावं

इंटिरिअर डिझाइनच्या पहिल्या वर्षाला ‘मटेरियल्स’चा विषय असतोच. प्लायवूडचे प्रकार, दगडांचे प्रकार, काचेचे प्रकार पाठ केले की पेपर सुटतो. पुढे एखादी विद्यार्थिनी ऑफिसात रुजू होते, साइटवर जाते आणि सुतार विचारतो, “मॅडम, इथं लॅमिनेट संपतं, पुढं दगड येतो. मधे काय करू?” याचं उत्तर वहीत सापडत नाही. वहीत प्रत्येक वस्तू एकटी असते, साइटवर ती दुसरीला भिडलेली असते.

माझं ठाम मत आहे की साहित्य शिकायचं ते त्याच्या कडेवरून. शोरूममध्ये सगळ्याच मालाचा चेहरा देखणा असतो. आत काय भरलंय, पाणी कुठून शिरेल, स्क्रू धरेल की निसटेल, हे कापलेली कड सांगते. खालची पद्धत एका सत्रात, वर्ग सांभाळून करता येते. उदाहरणं पुण्याची घेतली आहेत, कारण इथल्या पेठांत एकेका मालाची वेगळी आळी अजून टिकून आहे. तुमच्या गावात जागांची नावं बदलतील, क्रम हाच ठेवा.

सामान

रेघा नसलेली, जाड पुठ्ठ्याची ए-फोर वही घ्या. पाच मीटरची टेप घ्या, तिच्यावर इंच आणि मिलिमीटर दोन्ही हवेत. सुतार फूट-इंचात बोलतो आणि कारखान्यातून येणारा माल मिलिमीटरमध्ये असतो, त्यामुळे दोन्ही मापं डोक्यात एकत्र बसायला हवीत. शिवाय एक भिंग, छोटं लोहचुंबक, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि स्वयंपाकातून कायमचं बाद केलेलं एक पातेलं. पितळी म्हणून दाखवलेल्या मुठीला चुंबक चिकटलं, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा आहे.

नमुन्यांसाठी झाकणाची पेटी करा. नमुना हातात पडला की त्याच्या पाठीवर मार्करनं चार गोष्टी तिथंच लिहा: नाव, जाडी, भाव, तारीख. घरी जाऊन लिहू म्हटलं की आठ तपकिरी तुकडे एकसारखे दिसतात आणि पेटी निरुपयोगी होते.

वर्गातला तास: पान अर्धवट ठेवा

प्रत्येक वस्तूला वहीची समोरासमोरची दोन पानं द्या. डावीकडे पाच प्रश्न लिहा. ही वस्तू कशाची आणि कशी बनते? कोणत्या मापात मिळते? पाणी, ऊन आणि वजन यांचं तिच्यावर काय होतं? ती दुसऱ्या वस्तूला कशानं जोडतात? आणि तिची उघडी कड कशी झाकतात? उजवं पान कडेच्या चित्रासाठी मोकळं ठेवा. हे चित्र खऱ्या मापात, म्हणजे एकास एक काढायचं.

शिक्षकांच्या तासात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा मिळतात. उरलेले तीन कोरे राहतील. ते इंटरनेटवरून भरू नका. तीच कोरी जागा घेऊन बाजारात जायचं आहे.

प्लायवूडचं पान असं दिसेल. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून शीट बनते. शेजारच्या दोन पापुद्र्यांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असतात, म्हणून शीट दोन्ही दिशांना जवळपास सारखी स्थिर राहते. पापुद्र्यांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो. साधं शीट ८ बाय ४ फुटांचं, २४४० बाय १२२० मिमी. मरिन प्लायला आयएस ७१० हे मानक लागू होतं आणि त्यात चिकटाईची परीक्षा ७२ तास उकळून घेतात. वर्गातली माहिती इथवर येते. पण कडेला दोन पापुद्र्यांच्या मधे पोकळी का दिसते, त्या पोकळीत बिजागरीचा स्क्रू गेला तर काय होईल, हे कुणी लिहून देत नाही.

बाजार: तुकडा मागा, कॅटलॉग नंतर

आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दुकान उघडून स्थिरस्थावर झालं की जा. दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा दुकानदाराला श्वास घ्यायलाही वेळ नसतो. दोघं जा, दहा जणांचा घोळका नेऊ नका. आत शिरताच सांगून टाका, “काका, विद्यार्थी आहोत, आज खरेदी नाही, पण शिकायचं आहे.” खोटं गिऱ्हाईक बनून भाव काढणं चूक आहे आणि ते लगेच ओळखूही येतं. खरं सांगितलं की बहुतेक जण मोकळेपणानं बोलतात, काही तर वखारीत आत नेतात.

पहिला दिवस भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला द्या. १८ मिमीचं तीन दर्जांचं प्लाय, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, या सगळ्यांचे कापलेले तुकडे मागा. वखारीत कचऱ्यात पडलेले असतात, फुकट मिळतात. भिंग लावून कडा शेजारी शेजारी पाहा. प्लायमध्ये थर मोजता येतील. ब्लॉकबोर्डात बाहेर पापुद्रे आणि आत लाकडाच्या चौकोनी पट्ट्या दिसतील. एमडीएफची कड मऊ, एकसंध. पार्टिकल बोर्डात भुशाचे जाडे कण, मधे भुसभुशीत. आता प्रत्येकाच्या कडेत एक स्क्रू पिळा आणि पक्कडीनं उपटा. मुकाट निघून येतो कुठून आणि लाकूड ओरबाडून येतो कुठून, हे हाताला कळतं. ही जाणीव आयुष्यभर पुरते.

त्याच बाजारात सागवान पाहून घ्या. चंद्रपूर-गडचिरोली भागातला, बल्लारशाच्या नावानं ओळखला जाणारा साग सुतार आजही आदरानं हाताळतात. कापलेलं लाकूड घनफुटात विकतात. हिशेब असा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. म्हणजे ७ फूट लांब, ६ इंच रुंद, २ इंच जाड फळी साधारण ०.५८ घनफूट भरते. दुकानदारासमोर हा हिशेब तोंडी करून दाखवा, पुढचं बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

दुसऱ्या फेरीत रविवार पेठेची बोहरी आळी: बिजागऱ्या, कड्या, चॅनल, स्क्रू. कपाटाच्या आतल्या बिजागरीची वाटी ३५ मिमी व्यासाची असते. तिच्या हाताचा बाक बदलला की दार चौकटीवर पूर्ण बसतं, अर्धं बसतं किंवा आत शिरतं. तिन्ही प्रकार हातात घेऊन उघडझाप करा आणि उजव्या पानावर दाराची कड कुठं येते ते काढा. विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली. तिथून १.५, २.५ आणि ४ चौरस मिमीच्या तारांचे वीतभर तुकडे आणा. घरांत दिव्यांना पहिली, प्लगला दुसरी आणि एसीला तिसरी वापरण्याची सर्वसाधारण पद्धत आहे.

वेळ उरला तर कसब्यातल्या तांबट आळीत जा. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीनं ठोके देत केलेलं मठारकाम नुसतं शोभेचं नसतं. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, त्याला बळकटी येते. बुरूड आळीत बांबू कसा चिरतात ते पाहा, आणि बांबूला किडा का लागतो ते विचारा. त्यातलं पिष्ट किड्याला खाद्य म्हणून हवं असतं, त्यामुळे प्रक्रिया न केलेला बांबू घरात वापरणं धोक्याचं. या दोन आळ्या अभ्यासक्रमात नसतात. तरीही मी विद्यार्थ्यांना तिथं पाठवते, कारण साहित्य आणि हात यांचं नातं तिथं उघड्यावर दिसतं.

घरच्या परीक्षा

आणलेल्या तुकड्यांची आता परीक्षा घ्यायची. या सगळ्या परीक्षा ढोबळ आहेत, प्रयोगशाळेची जागा त्या घेत नाहीत. फरक मात्र डोळ्यांना दाखवतात.

प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाचे दोन इंची तुकडे करा आणि प्रत्येकाची जाडी मोजून लिहा. बाद पातेल्यात पाणी उकळून ते त्यात तीन-चार तास ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात, चिकटाईच्या रसायनाचा वास येतो. बाहेर काढून पुन्हा जाडी मोजा आणि नखानं पापुद्रे सोलायचा प्रयत्न करा. हलक्या प्लायचे थर सुटतात, पार्टिकल बोर्ड फुगून पावासारखा होतो, चांगलं मरिन प्लाय जागचं हलत नाही. एमडीएफचे दोन जास्तीचे तुकडे घ्या, एकाच्या चारही कडांना रंगाचे दोन हात द्या आणि दोन्ही साध्या पाण्यात भिजवा. कड झाकण्याला एवढं महत्त्व का, ते या दोन तुकड्यांत समजतं.

टाइलची परीक्षा मला सगळ्यांत आवडते. भिंतीची एक सिरॅमिक टाइल आणि जमिनीची एक व्हिट्रिफाइड टाइल घ्या. दोन्ही कोरड्या असताना काट्यावर वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, फडक्यानं पुसून पुन्हा वजन करा. भिंतीच्या टाइल्सची पाणी शोषण्याची क्षमता वजनाच्या १० टक्क्यांच्या वर असते, व्हिट्रिफाइडची अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हा आकडा पुस्तकात वाचून पुढं जाता येतं, पण त्यातून साइटवरचे दोन नियम निघतात. गवंडी भिंतीची टाइल आधी पाण्यात भिजवतो, कारण कोरडी टाइल सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट कच्चं राहतं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी ओढतच नाही, त्यामुळे साध्या सिमेंटला तिच्या पाठीत शिरायला जागा मिळत नाही. म्हणून तिला पॉलिमर मिसळलेलं ॲडहेसिव्ह लागतं. मोरबीहून आलेली देखणी टाइल दोन वर्षांत भिंतीवरून सुटते, तेव्हा दोष पुष्कळदा टाइलचा नसतो. हा नियम न पाळल्यानं ती सुटलेली असते.

दगडांसाठी लिंबू. शहाबाद, कोटा, कडप्पा, मकराण्याचा संगमरवर आणि ग्रॅनाइट यांचे पॉलिश केलेले तुकडे दगडाच्या वखारीतून आणा. प्रत्येकावर लिंबाच्या रसाचे थेंब टाका, पंधरा मिनिटांनी पुसा, उजेडात तिरपे धरा. ग्रॅनाइटवर काही दिसणार नाही. बाकीच्यांवर कमीअधिक निस्तेज डाग पडेल. शहाबाद, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवर हे चुनखडीचंच रूपांतर. आम्लानं त्यांचा पृष्ठभाग झिजतो. आपल्या ओट्यावर रोज लिंबू, चिंच, कोकम आणि टोमॅटो असतो. पांढऱ्या संगमरवरी ओट्याचं चित्र घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकासमोर हा डाग पडलेला तुकडा ठेवा.

लॅमिनेटची कड भिंगाखाली पाहिलीत तर वर रंगीत रेघ आणि खाली गडद तपकिरी थर दिसेल. वर मेलामाइन रेझिनमधला छापील कागद, खाली फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले क्राफ्ट कागद. दोन लॅमिनेटं जिथं काटकोनात भेटतात तिथं ही गडद रेघ दिसणारच, ती कुठल्या बाजूला येऊ द्यायची हे चित्र काढतानाच ठरवावं लागतं. दाराच्या एकाच बाजूला लॅमिनेट लावलं आणि दुसरी कोरी ठेवली, तर हवेतल्या ओलाव्यानं दार वाकतं. म्हणून आतल्या बाजूलाही पातळ लॅमिनेट लागतं.

कापडाची परीक्षा थोडक्यात. स्टीलच्या ताटलीत, शेजारी पाणी ठेवून, चिमट्यात एक धागा जाळा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

साइट: एकच घर, पण पुन्हा पुन्हा

पाच साइट एकेकदा पाहण्यापेक्षा एकच साइट सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहा. भिंती तोडण्यापासून रंगापर्यंतचा क्रम डोळ्यांसमोरून गेला की कुठली वस्तू कुणाच्या आधी येते हे समजतं, आणि साहित्याच्या निम्म्या चुका या क्रमाच्या चुका असतात.

परवानगी कॉलेजच्या पत्रावर, डिझायनरकडून आणि घरमालकाकडून घ्या. बंद बूट आणि हेल्मेट घाला; ओढणी किंवा सैल बाही नको. टाइल आणि दगड कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, मास्क लावा आणि कापणाऱ्या दादांसाठीही चार मास्क सोबत न्या. पुण्यातल्या बऱ्याच साइटवर सुतार राजस्थानचे असतात, तेव्हा हिंदीची तयारी ठेवा. मिस्त्रींना काम थांबवून प्रश्न विचारू नका. चहाच्या वेळी विचारा, चहा तुम्ही सांगा.

तोडफोडीच्या वेळी भिंत कशाची आहे ते बघा. वीट की हलका एएसी ब्लॉक, यावर वरचं कपाट कुठल्या फास्टनरनं टांगायचं ते ठरतं. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग आणि ब्रिकबॅट कोबा झाल्यावर किमान २४ तास पाणी भरून ठेवतात. त्या काळात खालच्या मजल्यावरच्या घरात जाऊन छत पाहून या, परीक्षेचा निकाल तिथं लागतो. टाइल बसवून दोन दिवसांनी नाण्यानं प्रत्येक टाइलच्या चार कोपऱ्यांवर टकटक करा. पोकळ आवाज आला की तिथं ॲडहेसिव्ह पोचलेलं नाही. भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर दोन टाइल्स कशा भेटतात ते नीट बघा: कडा ४५ अंशांत घासून मिळवल्यात, की मधे धातूची पट्टी घातली आहे? घासलेली कड सुंदर दिसते, पण टवका उडाला की आतला वेगळा रंग उघडा पडतो. लहान मुलं असलेल्या घरात मी पट्टीच्या बाजूनं मत देईन.

जिप्समच्या छतात कडेचा धडा फार स्वच्छ मिळतो. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातूनच किंचित निमुळत्या येतात. दोन बोर्ड शेजारी लावले की मधे उथळ खोलगट पट्टा तयार होतो, त्यात टेप आणि कंपाउंड भरून सपाटी साधते. साइटवर कापलेल्या कडेला हा उतार नसतो. तिथं टेप मारली की फुगवटा राहतो आणि संध्याकाळी दिवा लागला की छतावर रेघ दिसते. म्हणून बोर्ड कसे मांडायचे याचं चित्र आधी हवं.

सुतारकामात शीट कापण्याचा हिशेब बसून करा. १२२० मिमी रुंदीतून ६०० च्या दोन पट्ट्या निघतात आणि करवतीच्या पात्याला जागा उरते. तुम्ही खोली ६२५ ठरवलीत, तर दुसरी पट्टी निघतच नाही. गिऱ्हाइकाच्या पैशातला मोठा हिस्सा अशा २५ मिलिमीटरमध्ये जातो.

जुनं काम

नवी साइट वस्तू कशी बसते ते दाखवते. ती किती टिकते, हे जुन्या घरात जाऊनच कळतं. पाच-सात वर्षं वापरलेलं ओळखीच्यांचं स्वयंपाकघर गाठा. काकूंना विचारून सिंकखालचं कपाट उघडा आणि दाराच्या खालच्या कडेवर बोट फिरवा. एज बँड सुटलाय का, बोर्ड फुगलाय का, बिजागरी ढिली झाली आहे का? मग काकूंना विचारा, रोज पुसताना काय अडचण येते. शोरूमच्या माणसाला हे ठाऊक नसतं.

पुढं शनिवारवाड्यात जा. १७३२ साली राहायला सुरुवात झालेल्या या वाड्याला १८२८ मध्ये आग लागली. लाकडी मजले गेले, दगडी जोती राहिली. तटबंदीत खाली दगड आणि वर वीट आहे: जमिनीची ओल आणि वजन सोसणारा माल खाली, हलका वर. विश्रामबागवाडा उघडा असेल तेव्हा तिथले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब पाहा. १८०७ च्या सुमाराचं ते काम आहे. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळजवळ बदलत नाही. जुन्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवायचे ते यासाठीच. राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या कोरीव दारांत फळी आणि चौकट कुठं मिळते ते शोधा आणि एकास एक चित्र काढा.

जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिलेला कुठं दिसला तर थांबून बघा. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, सिमेंट तिला आत कोंडून ठेवतं. काही काळानं पोपडे धरतात.

पान पुरं करणं

दर आठवड्याच्या शेवटी डाव्या पानावरचे कोरे तीन प्रश्न भरा. भाव चौरस फुटाचा, रनिंग फुटाचा की ब्रासचा आहे ते लिहा; क्षेत्रफळात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट आणि घनफळात १०० घनफूट. टाइल किंवा व्हिनिअर मागवताना कापण्यात किती वाया गेलं, तो साइटवरचा खरा आकडा टिपा. रंग आणि लॅमिनेटचे नमुने किमान ए-फोर आकाराचे घ्या, ते सकाळच्या उजेडात, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात आणि ६५०० च्या पांढऱ्या दिव्यात पाहा आणि तिन्ही निरीक्षणं लिहा. शेवटी दोन वस्तूंची एक जोडी निवडा, जसं लॅमिनेट आणि ग्रॅनाइट, आणि त्या जिथं भेटतात त्या सांध्याचं एकास एक चित्र उजव्या पानावर काढून साइटवरच्या सुताराला दाखवा. तो म्हणाला “हे होईल”, तर ते पान झालं. “होणार नाही” म्हणाला तर कारण लिहून घ्या, चित्र पुन्हा काढा. ज्युरीला नुसता मूड बोर्ड नेण्यापेक्षा अशी पानं न्या.

एक विनंती व्यवसायातल्या मंडळींना. तुमची साइट चालू असेल, तर महिन्यातून एखादी सकाळ जवळच्या कॉलेजच्या दोन विद्यार्थ्यांना येऊ द्या, आणि सुतारकाम संपल्यावर उरलेले तुकडे टाकून न देता त्यांच्या पेटीत जाऊ द्या.